यादी जोडून राहिली

त्या हिवाळ्यात आमच्या घरात लॅपटॉप एक होता आणि त्यावर शिकणाऱ्या दोघी. एक मी, दुसरी माझी वहिनी. घर पांढुर्ण्यात, स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यालगतच्या गल्लीत. समोर संत्र्याची खोकी ठोकण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची शेड, फळ्यांच्या थप्प्या आणि तोंडात खिळे धरून बसलेली माणसं. आंबिया बहाराची संत्री झाडावरून उतरायला लागली की सकाळच्या चहाआधी ठोकाठोकी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. मालगाडी जात असली की ती ऐकू येत नसे. गाडी पुढे गेली की जिथं थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटे. घरात बोलायचं तर या आवाजाच्या वरच्या पट्टीत बोलावं लागे. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सतत भांडतो असं वाटायचं. त्या हिवाळ्यात ते पुष्कळसं खरं होतं, फक्त भांडण एकीकडूनच होतं आणि ते कोणाला ऐकू येत नव्हतं.

बाबा गावातल्या शाळेत मराठी शिकवत. आमचं गाव सीमेला लागून, पण हिंदी राज्यात; त्यामुळे कचेरी हिंदीची, बाजार हिंदीचा, कॉलेज हिंदीचं. मराठी घरात आणि गल्लीत बोलली जाते आणि ती पुस्तकातली नव्हे. बाबांना हे मान्य नव्हतं. निदान घरात तरी शुद्ध बोललं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, म्हणून आम्ही दोघं भावंडं त्यांच्यासमोर 'करत आहे' आणि गल्लीत 'करून राहिली' असं बोलत मोठी झालो. अश्विनी वहिनी जवळच्याच सौंसरची. तिच्या घरी असा दुहेरी कारभार नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती विळीवर बसली असताना बाबांनी सहज विचारलं, "काय चाललंय?"

"वांगे चिरून राहिली, बाबा."

"चिरून राहिली नाही. चिरत आहे."

वहिनीनं मान वर केली. "हाव, चिरतच आहे ना. थांबली कुठं?"

आई तोंड फिरवून हसली. बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ते न रागावणं माझ्या लक्षात राहिलं. याच चुकीसाठी मला लहानपणी भिंतीकडे तोंड करून 'मी जेवत आहे, मी खेळत आहे' असं पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं होतं.

लॅपटॉपचा इतिहासही असाच. दादा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर बसायचा. मी बीसीए झाले तेव्हा 'तुले लॅपटॉप घेऊन देतो' असं तो म्हणाला होता. मग त्याचं लग्न ठरलं आणि विषय मागे पडला. मी घरीच होते. नागपूरला एखादा क्लास करते म्हटलं तर बाबांचं उत्तर ठरलेलं: "क्लाससाठी नाही. नोकरी हातात असेल तर नागपूर काय, पुण्याला जा. मी स्वतः गाडीत बसवून देईन." म्हणजे नोकरीसाठी शिकायचं, शिकायला बाहेर जायचं आणि बाहेर जायला नोकरी लागायची. दिवाळीत लॅपटॉप आला, तो दादा-वहिनीच्या खोलीतल्या टेबलावर.

"कोणाचा आहे?" मी विचारलं.

"घरचा," दादा म्हणाला.

"म्हणजे कोणाचा?"

"दोघी वापरा ना. कायले डोकं खाऊन राहिली?"

वहिनी म्हणाली, "ताई, दिवसा तुमीच घ्या. मी कामाच्या मधी मधी पाहत जाईन."

तिचं वय माझ्याएवढंच, पण मी नणंद म्हणून ती मला 'तुमी' म्हणायची. तिनं दिवस मला देऊन टाकला, आणि देणारी ती ठरली म्हणून लॅपटॉप तिचा ठरला. हे तिच्या मनात नसावं. माझ्या मनात पक्कं बसलं.

इंटरनेटवर एक मोफत अभ्यासक्रम सापडला. ज्यानं त्यानं आपल्या वेगानं शिकायचं, शिक्षक नाही, वर्ग नाही. आधी वेबपान तयार करायला शिकायचं, मग गिट, म्हणजे केलेल्या कामाची प्रत्येक अवस्था जपून ठेवण्याची पद्धत. पुढे वृत्तपत्रात नोकरीला लागल्यावर मला ती फार ओळखीची वाटली. बातमीची पहिली प्रत, दुरुस्त प्रत, बाहेरगावच्या डाक आवृत्तीला गेलेली, शहर आवृत्तीत बदललेली. कोणी काय आणि का बदललं याची नोंद असली की रात्रपाळीचा उपसंपादक सकाळी शिव्या खात नाही. पण तेव्हा मी उपसंपादक नव्हते आणि मला ती पद्धत कळत नव्हती. आम्ही दोघींनी वेगवेगळी खाती उघडली. प्रत्येकीच्या नावापुढे एक पट्टी असायची, धडा संपला की ती थोडी हिरवी व्हायची. माझी पट्टी आधी पुढे होती. रोज लॅपटॉप उघडला की मी माझा धडा उघडण्याआधी तिची पट्टी पाहायची.

'आपल्या वेगानं' या शब्दांवर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आपला वेग म्हणजे काय हे शेजारी दुसरं कोणी नसतं तोवरच ठरवता येतं.

मी सकाळी टेबलाशी बसून, वही काढून, धड्यातलं वाक्य न् वाक्य उतरवत शिकायची. वहिनी स्वयंपाकघरात शिकायची. कणिक मळून झाकून ठेवली, की लॅपटॉप गव्हाच्या कोठीवर ठेवून उभ्या उभ्या एक चित्रफीत पाहायची. कुकरची शिट्टी झाली की थांबवायची, भाजी हलवायची, पुन्हा सुरू. पडद्यावर हळदीची बोटं उमटत. मी ती पुसायची आणि पुसताना तिला ऐकू जाईल इतपत उसासा टाकायची. ती म्हणायची, "पुसू नका ताई, उद्या पुन्हा लागन." आई सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसलेली असे. दाणे निघाले की सोलेभात. शेंगा सोलता सोलता ती मालिकेची गोष्ट विचारावी तसं विचारायची, "मग काय झालं वो अश्विनी? चिपकला का तो फोटो?" वहिनी सांगायची, "चिपकला, पण खाली जाऊन बसला, आई. वर येतच नाही. जावयासारखा रुसून राहिला." दोघी हसायच्या. मला आईनं कधी काही विचारलं नाही. मी दार लावून शिकत होते, त्यामुळे विचारायला जागा नव्हती. पण तेव्हा हे कारण मला दिसलं नाही.

मी कशाकशावर जळत होते, हे नीट लिहायचं तर यादी मोठी होईल आणि तीतल्या बऱ्याच गोष्टी क्षुल्लक निघतील. ती चुकली की हसायची, यावर. दादा संध्याकाळी आल्यावर अंगावरचा कापूस झटकायच्या आधी 'आज काय शिकली?' असं तिला विचारायचा, यावर. ती सौंसरच्या कॉलेजात एमएस्सीचं पहिलं वर्ष करून लग्नासाठी थांबली होती आणि ही गोष्ट तिनं स्वतः कधी काढली नाही, यावर तर फारच. तिनं काढली असती तर मला तिला गर्विष्ठ म्हणता आलं असतं.

गिटच्या धड्यात माझी गाडी अडली. केलेलं काम जपायचं तर दोन पायऱ्या होत्या. आधी कोणकोणते बदल जपायचे ते निवडून एका जागी ठेवायचे, याला 'ॲड' म्हणत. मग ते कायमचे नोंदवायचे, याला 'कमिट'. दोन कशाला, हे मला कळेना. बदल केला आहे, तर एकदम नोंदवून टाकावा. मी तोच धडा पुन्हा लावला, वहीत आकृती काढली, तरी नाही. दुपारी जेवताना मी न राहवून बोलून गेले. वहिनीनं पोळीचा घास तसाच धरला.

"ताई, रुखवत पाहिलं ना तुमी माह्या लग्नातलं?"

"पाहिलं. त्याचं काय?"

"आधी मांडते का नाही आपण? सारं घर भरलं असते सामानानं, पण टेबलावर मांडलं तेवढंच लोक पाहते. मग तेच बांधून गाडीत टाकते. मांडणं म्हणजे ॲड, गाडीत टाकणं म्हणजे कमिट. मांडाचं इसरलं, ते माहेरी राहिलं. माहा इस्त्रीचा डब्बा तसाच राहिला. अजून सौंसरलेच आहे."

"इस्तरी आणली असती तर यांचे कुर्ते तरी झाले असते," आई म्हणाली, आणि बोलणं इस्तरीवर गेलं. मला तो धडा त्याच जागी, ताटावर, पूर्ण कळला. मी कळल्याचं दाखवलं नाही. जेवण झाल्यावर खोलीत जाऊन पहिलं कमिट केलं. मग तिची पट्टी पाहिली. ती माझ्या पुढे गेली होती.

धड्यात पुढे एक नियम होता. प्रत्येक कमिटसोबत एका ओळीचा संदेश लिहायचा असतो, काय बदललं ते सांगणारा. तो संदेश भूतकाळात लिहू नका, वर्तमानकाळात लिहा, असं शिकवणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं. आम्ही दोघींनी तो नियम पाळला. हे इथं मुद्दाम नोंदवते, कारण पुढचं सगळं या नियमावर उभं आहे.

संक्रांतीच्या सुमारास मला एक जाहिरात दिसली. पुण्यातलं एक छोटं कार्यालय शेतमालाच्या भावांची माहिती मराठीत देणारी पानं तयार करत होतं. त्यांना एक शिकाऊ व्यक्ती हवी होती. पहिले काही महिने घरून काम, मग पुण्याला. पदवी कोणतीही, वेबपानांचं प्राथमिक ज्ञान आणि मराठी चांगली. मी ते वाचलं आणि मला बाबांचं वाक्य आठवलं, 'नोकरी हातात असेल तर'. 'मराठी चांगली' या दोन शब्दांवर तर माझाच हक्क होता. मी अर्ज भरला आणि पान तसंच उघडं ठेवून जेवायला गेले. परत आले तेव्हा वहिनी पडद्यासमोर उभी होती.

"ताई, मीही भरू का? हसू नका पण."

"जागा एकच आहे," मी म्हटलं.

"मले कुठं भेटते. पाहू, काय म्हणते तर."

"भर."

मी हसले नाही. हसायची गरज वाटली नाही. ती पुण्याला जाणार नव्हती, तिचा नवरा इथं, चूल इथं. आणि ज्या घरात बाबा रोज तिची मराठी दुरुस्त करत होते तिथून ती मराठीच्या नोकरीला अर्ज करत होती. मला ते विनोदी वाटलं आणि थोडं सुरक्षितही.

दोघींनाही चाचणी आली. प्रत्येकीला बाजारभावाचं एक अर्धवट पान दिलं गेलं. ते आठवडाभरात पुरं करायचं, प्रत्येक बदल कमिट करायचा आणि संदेश मराठीत लिहायचे, कारण कार्यालयातले ते वाचणार होते. दिवस वाटून घेतले. मी सकाळी, ती दुपारी भांडी झाल्यावर. आम्ही एकमेकींचं काम पाहायचं नाही असं मीच ठरवलं, आणि ते तिनं पाळलं. मी पाळलं नाही असं नाही. पण एकदा तिचं पान उघडंच राहिलं होतं आणि नजर गेली. रंग भडक होते, नारंगीवर हिरवा. पण मोबाइलएवढ्या केलेल्या खिडकीतही ते पान नीट आवरून बसत होतं, माझं बसत नव्हतं. खाली संदेशांची रांग दिसली. 'यादी जोडून राहिली.' 'तारीख सुधारून राहिली.' 'लिंक बसवून राहिली.' माझे संदेश होते, 'सूची जोडते', 'दिनांक दुरुस्त करते'. मी पान बंद केलं. आता तिचं काही खरं नाही, असं मला वाटलं, आणि तसं वाटून मला जेवण गोड लागलं.

फोन आला तो सकाळी, पोळ्यांच्या वेळी. आमच्याकडे लाटायचं काम वहिनीचं आणि शेकायचं माझं. तव्यावर पोळी टाकली होती, तेवढ्यात पुण्याचा नंबर दिसला. मी पोळी तशीच सोडून पुढच्या खोलीत आले. समोर ठोकाठोकी जोरात होती. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून तिशीच्या, शांत बोलणाऱ्या.

"मीनल ना? तुमचं काम पाहिलं. स्वच्छ आहे. संदेशही नीट आहेत." मग, "तिकडे काय चाललंय, बांधकाम?"

"संत्र्याची खोकी ठोकत आहेत."

"अच्छा. एक विचारायचं होतं. दुसरा अर्ज तुमच्याच पत्त्यावरून आहे. अश्विनी. त्यांच्या नंबरवर फोन लागत नाही."

"वहिनी आहेत माझ्या."

"त्यांचं मला कोडं पडलंय. पान पूर्ण दिसतंय, चालतंयही. पण त्यांनी स्वतःच प्रत्येक ठिकाणी लिहिलंय की हे काम राहिलं. यादी राहिली, तारीख राहिली, लिंक राहिली. मग जे पूर्ण झालंय ते कोणी केलं? तुम्ही मदत केलीत का त्यांना? केली असेल तर सांगा, हरकत नाही, फक्त मला कळायला हवं. मला आजच नाव द्यायचंय."

मला लगेच कळलं काय झालं होतं. पुस्तकातल्या मराठीत 'राहिली' म्हणजे उरली, करायची सुटली. बाई यादी मागे ठेवल्याचं वाचत होत्या, वहिनीनं यादी जोडत असल्याचं लिहिलं होतं. शिकवणाऱ्यानं वर्तमानकाळ सांगितला आणि तिनं आपल्या गावचा वर्तमानकाळ लिहिला. त्यातून यादी, तारीख, लिंक, सगळेच शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे 'राहिली' ती स्वतः नसून यादीच आहे असं कोणालाही वाटावं. हे सगळं समजावून सांगायला त्या घडीला माझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं. मला दोन्ही मराठी येत होत्या. मी गप्प होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. समोरचा एक खिळा पूर्ण आत जाईपर्यंत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली. आमच्या घरात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही हे आधी सांगितलं आहेच.

"ओ ताई, पोळी जळून राहिली. फोन मंग करा ना वो."

बाई म्हणाल्या, "काय म्हणाल्या त्या? पोळी राहिली?"

"नाही," मी म्हटलं. "पोळी जळतेय."

"राहिली म्हणाल्या ना?"

"जळून राहिली. म्हणजे जळतेय. आत्ता, तव्यावर."

मग बाईंनी सावकाश, परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "म्हणजे 'यादी जोडून राहिली'..."

"यादी जोडते आहे. धड्यात वर्तमानकाळात लिहा असं सांगितलं होतं. आमच्याकडे वर्तमानकाळ असा असतो."

"काही राहून गेलेलं नाही."

"नाही."

"आणि ते त्यांनी एकटीनं केलं."

"हो. मी हात लावला नाही."

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला कोड्याचा भाग गेला. "मग त्यांचं काम तुमच्यापेक्षा पुढे आहे. मोबाइलवर तुमचं पान फुटतं. त्यांचं नाही." हे त्यांनी तापमान सांगावं तसं सांगितलं. मी "हो" म्हटलं. त्यांनी आभार मानले.

मी त्या वेळी चांगुलपणानं वागले असं कोणी म्हटलं तर ते चूक ठरेल, म्हणून खुलासा करते. मला पोळीबद्दल विचारलं गेलं आणि मी पोळीबद्दल उत्तर दिलं. त्यानंतरची उत्तरं त्याच्या मागोमाग आली, जशी एक पोळी लाटली की दुसरी लाटली जाते. वहिनी त्या क्षणी ओरडली नसती तर मी काय सांगितलं असतं, हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं लिहायचं नाही ही सवय मला नंतर पगार देऊन लावली गेली.

स्वयंपाकघरात धूर होता. वहिनीनं पोळी चिमट्यानं उचलून ओट्यावर ठेवली होती, एका बाजूनं कोळसा.

"कोणाचा होता?"

"पुण्याचा."

"काय म्हणे?"

"आज कळवतो म्हणे."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "तुमचंच होते पाहा, ताई. मले माहीत आहे. तुमी पुण्याले गेल्या की मी त्या टेबलावर पसरून बसणार, हाव, आताच सांगून ठेवते." मग जळकी पोळी आपल्या ताटाकडे सरकवत म्हणाली, "हे मले राहू द्या. लाटली त मीच होती." ती पोळी तिनं खाल्ली, काळा भाग खरवडून, तिळाच्या चटणीशी. तेही मला तिचं काहीतरी जिंकणंच वाटलं.

संध्याकाळी निरोप आला, तिच्या नावानं. तिनं तो वाचला आणि मोबाइल बाबांकडे दिला, आपण चुकीचं वाचलं असेल म्हणून. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, शाळेत वाचतात तसा, अर्धविरामाशी थांबत. आईनं वहिनीच्या हातावर गूळ ठेवला. दादा आला तेव्हा कापूस झटकायचा विसरला आणि तसाच घरभर फिरला. दुसऱ्या दिवशी आई कोपऱ्याकोपऱ्यातून कापूस वेचत होती. बाबा म्हणाले, "अश्विनी, मराठीच्या नोकरीला लागलीस. आता तरी 'करत आहे' म्हण."

"म्हणून राहिली ना, बाबा," वहिनी म्हणाली, आणि बाबा हसले. त्या वाक्याला ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मी सगळ्यांसोबत गूळ खाल्ला. 'अभिनंदन' म्हटलं. वहिनीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमी शिकत होत्या म्हणून मी शिकली. नाई त कोठीवर लॅपटॉप कोण ठेवते?" हे खरं होतं. खरं असल्यामुळे त्याचा मला काही उपयोग नव्हता. त्या आठवड्यात मी लॅपटॉपला हात लावला नाही. मग लावला, कारण तिनं लावायला लावला.

पुण्याच्या बाईंनी तिला कळवलं होतं की संदेश सर्वांना समजतील असे लिहा. ती माझ्याकडे आली. "ताई, 'भाव बदलून राहिली' ले शुद्ध मधी काय म्हणते?"

"भाव बदलले."

"पण धड्यात तर वर्तमानकाळ सांगतला होता."

"धडा सोड. लोकांना कळलं पाहिजे."

"आन् 'फोटो लहान करून राहिली'?"

"फोटो लहान केला."

रोज दुपारी भांडी झाली की हे चालायचं. ती वाचायची, मी दुरुस्त करायची, ती टाइप करायची. हळूहळू तिनं मला पानावरचा मजकूरही दाखवायला सुरुवात केली: बाजार बंद असल्याची सूचना, संत्र्याच्या प्रतवारीची माहिती. मी अनावश्यक शब्द काढायची, वाक्य छोटं करायची, आकडे मूळ कागदाशी ताडून पाहायची. उपसंपादनाचं माझं पहिलं काम ते. दुसऱ्याच्या नावावर जाणारा मजकूर त्याच्यापेक्षा चांगला करून द्यायचा आणि त्याखाली आपलं नाव येणार नाही हे धरून चालायचं, हा धंदा मी गव्हाच्या कोठीजवळ उभं राहून शिकले. पुढं नागपूरच्या दैनिकात नोकरीला लागले तेव्हा मला हे शिकवावं लागलं नाही. बाबांनी ठरल्याप्रमाणे स्वतः गाडीत बसवून दिलं.

पण ते नंतर. त्याआधी पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या जत्रेची सावरगावच्या पुलावरची गर्दी ओसरली, आणि वहिनी पुण्याला गेली. दादा जिनिंग सोडून तिच्यासोबत गेला. गल्लीला हे पुष्कळ दिवस पुरलं; बायको नवऱ्यामागे जाते हे सगळ्यांना माहीत होतं, हे उलटं कसं म्हणायचं यासाठी शब्द शोधावा लागला आणि कोणाला सापडला नाही. निघायच्या दिवशी वहिनीनं सामान आधी अंगणात मांडलं, मग बांधलं. लॅपटॉप मांडला नाही. मी तो आणून दिला तर म्हणाली, "तो नाही मांडला मी, ताई." लॅपटॉप माझ्याकडे राहिला. हे 'राहिला' पुण्याच्या अर्थानं वाचावं.

समोरचा कारखाना आता बंद आहे. संत्री प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जातात. घरी गेले की मी अजून वरच्या पट्टीत बोलते आणि आई म्हणते, हळू बोल, ऐकू येतंय मला. चाचणीतलं वहिनीचं बाजारभावाचं पानच पुढे वापरात आलं आणि कित्येकदा बदललं. पण गिटमध्ये जुन्या नोंदी तशाच असतात. नवं काम त्यांच्यावर चढत जातं, खालचं पुसलं जात नाही. मी एकदा शेवटापर्यंत खाली जाऊन पाहिलं. वहिनीच्या नोंदींत सगळ्यात तळाशी 'यादी जोडून राहिली' आहे. वहिनीच्या हाताखाली आता बरीच मुलं-मुली काम करतात, त्यांच्यापैकी कोणाला या ओळीचा अर्थ लागत असेल का, कोण जाणे. त्या सकाळच्या फोनची गोष्ट मी वहिनीला सांगितलेली नाही. हे छापून आलं की ती वाचेल.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मी हेच प्रकरण लिहीत होते. तिच्याकडे मागे मिक्सर चालू होता, त्यामुळे ती ओरडत होती.

"ताई, काय करून राहिल्या?"

"लिहून राहिली."

"कोणावर?"

"तुझ्यावर."

मिक्सर थांबला. "माह्यावर कायले? काय लिहिलं?"

"तुला नोकरी लागली ते."

"त्याले किती वर्षं झाले वो," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. "अजून जळून राहिल्या का?"

"हाव," मी म्हटलं.